आधी दारू सोडवायची की आधी भीती घालवायची? भावासाठी उपचार शोधणाऱ्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न सावकाश वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. भाऊ ३४ वर्षांचा, नाशिकला कंपनीत सुपरवायझर. चार वर्षांपासून मधूनच छातीत धडधड, हातपाय गार, ‘आता मी मरतो’ असं वाटणं. दोन वेळा रात्री कॅज्युअल्टीत पळवलं, ईसीजी नॉर्मल आला. संध्याकाळी क्वार्टर घेतली की बरं वाटायचं. आता दोन लागतात, आणि सकाळी थोडी पोटात गेल्याशिवाय हात स्थिर राहत नाहीत. शिवाय मेडिकलमधून अल्प्राझोलामची (भीती तात्पुरती शमवणारी, सवय लावणारी गोळी) स्ट्रिप आणून ठेवतो. एका मनोविकारतज्ज्ञांनी सांगितलं, ‘आधी दारू बंद करा, मग बघू.’ व्यसनमुक्ती केंद्रात सांगितलं, ‘टेन्शनबिन्शन सगळे बहाणे, आमच्याकडे कुठलीही गोळी चालत नाही.’ शेजारच्या काकूंनी जेवणात कालवायची पावडर सुचवली आहे, आणि भाऊ म्हणतोय की श्रावण लागला की एकदम बंद करतो. तुम्ही विचारताय, नेऊ कुठे?

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. माझ्या ओपीडीत अशी दुहेरी केस रोजचीच. पेशंट न बघता निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. डोस तर अजिबात सांगणार नाही. पण दोन्ही ठिकाणांहून तुम्हाला जे उत्तर मिळालं, त्यात एकच दोष आहे. दोघांनीही तुमच्या भावाचे दोन तुकडे केले आणि आपल्याला नको असलेला तुकडा दुसऱ्याकडे ढकलला. तुम्हाला शोधायचंय ते असं ठिकाण, जिथे दोन्ही आजार एकाच केसपेपरवर लिहिले जातील.

त्याआधी दोन तातडीच्या गोष्टी.

श्रावणापासून एकदम बंद करू देऊ नका. ऐकायला विचित्र वाटेल, पण रोज पिणाऱ्या आणि सकाळी हात थरथरणाऱ्या माणसाने स्वतःच्या मनाने अचानक दारू थांबवणं धोक्याचं असतं. शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, धडधड, उलटी, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम होतो. माणूस दिवस-वार विसरतो, नसलेल्या गोष्टी दिसायला लागतात, ताप चढतो. गटारीनंतर दोन-तीन दिवसांनी आमच्या वॉर्डात हे हमखास दिसतं. एक शिंपीकाका कॉटवर बसून अख्खी रात्र न दिसणाऱ्या सुईत न दिसणारा दोरा ओवत होते, तोंडाने दोरा ओला करून, डोळे बारीक करून. बायको बाहेर म्हणत होती, ‘अहो, पण त्यांनी तर चांगलं काम केलं ना, सोडली ना!’ या अवस्थेवर उपचार झाले नाहीत तर जीव जाऊ शकतो. उपचार मात्र साधे आणि खात्रीचे आहेत, फक्त ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावे लागतात. त्यामुळे ‘सोडतो’ म्हणतोय ही संधी दवडू नका, पण सोडण्याची तारीख डॉक्टरांना ठरवू द्या. अल्प्राझोलामचंही तेच. महिनोन्‌महिने घेतलेली गोळी एकदम बंद केली तर तिच्यानेही फिट येऊ शकते.

आणि ती पावडर. ‘न कळत दारू सोडवा’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत काय असतं ते पुडी विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. काहींत डायसल्फिराम असल्याचा संशय घ्यायला जागा असते. हे औषध आम्हीही वापरतो, पण पेशंटला सगळं समजावून, त्याची संमती घेऊन, लिव्हर आणि हृदय तपासून. ते पोटात असताना दारू गेली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, बीपी कोसळतं. आता ज्या माणसाला आधीच धडधडीची दहशत आहे, त्याला काही न सांगता हे द्यायचं म्हणजे काय होईल ते तुम्हीच विचार करा. वर एक दिवस त्याला कळतंच, आणि मग घरचं जेवणही तो संशयाने जेवतो. काकूंना नमस्कार सांगा, पुडी फेकून द्या.

आता मूळ मुद्दा. आधी काय?

दारू मेंदूला शांत करणारी यंत्रणा जोरात चालवते आणि चेतवणारी यंत्रणा दाबून ठेवते. म्हणून पहिल्या पेगला भीती खरोखरच उतरते. भाऊ खोटं बोलत नाही. पण रोज दाब आला की मेंदू उलट्या बाजूने जोर लावायला शिकतो, आणि दारू उतरली की तो जोर तेवढा मागे उरतो. पहाटे तीन-साडेतीनला खाडकन जाग, बनियन घामाने ओलं, छातीत धडधड, असं होतं का ते भावाला विचारा. ‘हो’ म्हणाला तर त्यातला बराचसा भाग रात्रीच्या दारूच्या उतरणीचा असू शकतो. तो त्याला ‘अटॅक’ समजतो, गोळी घेतो, सकाळी घोट घेतो, आणि भीती आणखी घट्ट होते. म्हणजे सुरुवातीला भीतीमुळे दारू असेल, पण चार वर्षांनी दारूमुळेही भीती असते. कुठली किती, हे पीत असलेल्या माणसाकडे बघून कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही.

म्हणूनच ‘आधी दारू बंद करा’ या सल्ल्यात अर्धं तथ्य आहे. पूर्ण बंद झाल्यावर साधारण तीन-चार आठवड्यांत दारूने निर्माण केलेली भीती बरीच ओसरते. जी उरते ती स्वतंत्र आजाराची असण्याची शक्यता जास्त. चूक आहे ती ‘बंद करून मग या’ म्हणण्यात. ज्या चार आठवड्यांत माणूस सगळ्यात घाबरलेला असतो, नेमक्या त्याच आठवड्यांत त्याला एकटं सोडायचं?

आणि दरवेळी थांबायची गरजही नसते. मी पेशंटच्या आयुष्याची तारीखवार उजळणी करते. पहिला घोट कधी घेतला? त्याआधी शाळेत उभं राहून धडा वाचताना घशाला कोरड पडायची का? व्हायव्हाच्या आदल्या रात्री काय व्हायचं? मध्ये कधी सहा महिने पीत नव्हता का, म्हणजे कावीळ झाली म्हणून, वारीसाठी माळ घातली म्हणून? तेव्हा भीती होती की गेली होती? घरात आई, मामा, मावशी असं कुणी ‘घाबरट’ म्हणून ओळखलं जायचं का? उत्तरं भीतीच्या बाजूने भक्कम असतील तर मी चिंताविकाराचं औषध पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच सुरू करते. माहिती धूसर असेल तर थोडं थांबते. दोन चांगले डॉक्टर इथे वेगवेगळा निर्णय घेऊ शकतात, त्याने गोंधळून जाऊ नका.

मग शोधायचं कुणाला? सुरुवात मनोविकारतज्ज्ञापासून करा, म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. कारण पहिलं काम शरीर सुखरूप ठेवून दारू उतरवण्याचं आहे आणि ते समुपदेशकाच्या हातातलं नाही. भीतीवरच्या मानसोपचारासाठी पुढे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ लागेल. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक बिनधास्त विचारा, खऱ्या माणसाला राग येत नाही. ‘काउन्सेलर’ ही पाटी मात्र आपल्याकडे कुणीही लावू शकतो. त्यांत उत्तम लोकही आहेत, आठवड्याभराच्या कोर्सवाले पण आहेत.

ठिकाणं म्हणाल तर नाशिकमध्ये सिव्हिलपासून सुरुवात करायला हरकत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मनोविकार ओपीडी असते आणि औषधं तिथेच मिळतात. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा फायदा असा की फिट आली, कावीळ निघाली, तर मेडिसिनचे डॉक्टर त्याच इमारतीत असतात. मुंबईत केईएम, नायर, सायन, पुण्यात ससून. गोव्यातलं कुणी हे वाचत असेल तर बांबोळीची मनोविकार संस्था. व्यसनमुक्तीत पुण्याच्या मुक्तांगणचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. १९८६ साली डॉ. सुनंदा (अनिता) आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेलं, महाराष्ट्रात या कामाला सन्मान मिळवून देणारं केंद्र. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्यात काम करते. कुठे जायचं ते ठरत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. व्यसनासाठी वेगळा १४४४६ आहे. फोनवर उपचार होणार नाहीत, पण जवळचं केंद्र कळेल.

नाव मोठं असो की छोटं, केंद्रात पैसे भरण्याआधी काही गोष्टी विचारायच्याच. मनोविकारतज्ज्ञ प्रत्यक्ष येतात का, आणि आठवड्यातून किती वेळा? ‘डॉक्टर ऑन कॉल आहेत’ हे उत्तर पुरेसं नाही. रात्री फिट आली तर कोणत्या रुग्णालयात हलवता? दाखल करताना लिव्हरची तपासणी, साखर, ईसीजी, थायरॉइड करता का? (थायरॉइड वाढला तरी अशीच धडधड आणि थरथर होते, आणि चार वर्षांत कुणी तपासलाच नाही असंही निघतं.) बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देता का? हा प्रश्न नवख्या माणसाच्या तोंडी शोभत नाही, तरी विचारा. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात हे जीवनसत्त्व संपत आलेलं असतं, आणि ते न देता नुसती ग्लुकोजची सलाइन चढवली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ‘अशक्तपणा आहे, एक सलाइन लावा’ असं गल्लीतल्या दवाखान्यात सांगण्याआधी हे लक्षात असू द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पेशंटला आधीपासून भीतीचा आजार असेल तर तुम्ही काय करता? ‘दारू सुटली की सगळं जातं’ असं सांगणारं केंद्र तुमच्या भावासाठी नाही. व्यसनमुक्तीत गटात उभं राहून आपली गोष्ट सांगणं हा मोठा भाग असतो आणि बहुतेकांना त्याचा फार फायदा होतो. पण ज्याला चारचौघांत बोलण्याचीच दहशत आहे, तो पहिल्याच सभेत गळपटतो. मग केंद्रातून पळून जातो, आणि फाइलवर शेरा पडतो: ‘इच्छाशक्ती नाही.’ असे कितीतरी ‘इच्छाशक्ती नसलेले’ माझ्याकडे आले आणि दोन महिने एकट्याशी बोलल्यावर त्याच सभेत जाऊन नीट बसले. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या संघटनेच्या सभा मी स्वतः सुचवते. तिथे कुणी ‘गोळ्या म्हणजे दुसरं व्यसन’ म्हणालं तर ते त्या व्यक्तीचं मत समजा. सदस्याने दुसऱ्याचा डॉक्टर बनू नये, असंच ती संघटना सांगते.

उपचार प्रत्यक्षात कसे चालतात तेही सांगते, म्हणजे फसवणूक ओळखता येईल. पहिला आठवडा-दहा दिवस दारू उतरवण्याचे. थरथर आणि फिट टाळणाऱ्या गोळ्या भरपूर देऊन रोज कमी करत नेतात. भाऊ सकाळी घोट घेतो आणि वर अल्प्राझोलामही, त्यामुळे हे दिवस दाखल होऊनच काढावेत असं मला वाटतं. आधी कधी फिट आली असेल तर त्यात शंकाच नको. दिवसाला एखादी क्वार्टर घेणारा, सोबतीला माणूस असणारा पेशंट रोज तपासून घरीही सांभाळता येतो. अल्प्राझोलाम वेगळी, सावकाश उतरवावी लागते, कधी काही आठवडे, कधी काही महिने. ती शेड्यूल एच-१ मधली गोळी आहे, चिठ्ठीशिवाय विकायची नाही आणि विक्रीची नोंद ठेवायची असा नियम आहे. तरी ओळखीच्या मेडिकलवाल्याकडे मिळते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. दारूसोबत ती श्वास मंदावते. ज्या रात्री दोन्ही जास्त झालं आणि हलवूनही उठत नाही, त्या रात्री ‘झोपू दे’ म्हणू नका, कॅज्युअल्टी गाठा.

भीतीसाठी जी रोजची औषधं देतात, एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालीन वगैरे, त्यांची सवय लागून डोस वाढवत नेण्याची भानगड नसते. पण गुण यायला दोन ते सहा आठवडे जातात आणि पहिले काही दिवस बेचैनी उलट थोडी वाढू शकते. हे आधी सांगितलेलं नसेल तर घाबरट पेशंट पाचव्या दिवशी गोळी सोडतो. मनाने बंदही करू नयेत, सावकाश कमी कराव्या लागतात. दारूची ओढ कमी करणारी औषधंही आहेत, नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट. कुठलं चालेल ते लिव्हर-किडनीच्या रिपोर्टवर ठरतं. डॉक्टरांनी त्यांचा विषय काढला नाही तर तुम्ही काढा.

गोळ्यांइतकाच भाग मानसोपचाराचा. आपल्याकडे विवेकनिष्ठ मानसोपचार कि. मो. फडके यांच्यामुळे मराठीत रुजला, त्यामुळे विचार तपासण्याची भाषा अनेकांच्या ओळखीची आहे. पण पॅनिकसाठी, म्हणजे अचानक येणाऱ्या भीतीच्या झटक्यांसाठी, केवळ विचार तपासून भागत नाही, ज्याची भीती वाटते ते पायरीपायरीने करावं लागतं. माझा एक पेशंट कंपनीच्या बसमध्ये चढू शकत नव्हता. आधी नुसतं स्टॉपवर उभं राहणं, मग एक थांबा, मग पुढचा. शेवटची आणि सगळ्यात अवघड पायरी होती शर्टाच्या खिशातली अल्प्राझोलामची गोळी घरी ठेवून जाणं. तो ती महिनोन्‌महिने खात नव्हता, नुसता चाचपायचा. हे काम दारूच्या अमलात होत नाही, कारण त्या अमलात शिकलेलं धैर्य उतरल्यावर टिकत नाही. म्हणूनही दोन्ही उपचार सोबत लागतात. तंबाखू, सिगारेट आणि दिवसभराचा चहा यांचाही हिशेब त्यात घ्यावा लागतो. निकोटीन आणि कॅफीन दोन्ही धडधड वाढवतात.

पुन्हा प्याला तर? बहुतेक जण एकदा तरी पितात. अशा वेळी केंद्र पेशंटला हाकलतं की परत बोलावतं, हेही आधीच विचारून ठेवा.

‘फसवून किंवा उचलून नेऊ का’ असंही तुम्ही शेवटी विचारलंय. गाडी पाठवून चार माणसांनी उचलून नेणारी केंद्रं आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, अमलात आला २९ मे २०१८ ला. दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक स्थिती त्याच्या व्याख्येत येतात. मनोरुग्णांवर उपचार करणाऱ्या केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे, साखळीने बांधणं गुन्हा आहे. स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असेल आणि माणूस निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (पेशंटच्या वतीने बोलणारी, कायद्याने मान्य व्यक्ती) अर्जावर कलम ८९ खाली दाखल करता येतं. पण त्यासाठी दोघा तज्ज्ञांनी, त्यात एक मनोविकारतज्ज्ञ, स्वतंत्रपणे तपासावं लागतं, आणि मुदत ३० दिवसांपर्यंतच. तुमच्या भावाला याची गरज दिसत नाही. तो स्वतः सोडायचं म्हणतोय. त्याला ‘दारूसाठी’ चल म्हणू नका, ‘त्या धडधडीसाठी’ चल म्हणा. त्यात फसवणूक नाही, तीच त्याची खरी तक्रार आहे, आणि त्या दारातून माणूस लवकर आत येतो. ‘जगण्यात अर्थ नाही’ अशी भाषा आली तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी न्या.

पैशांचं: सरकारी रुग्णालयात फार खर्च नाही. मेडिक्लेमच्या भरवशावर राहणार असाल तर पॉलिसी काढून वाचा. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं असं याच कायद्याचं कलम २१ सांगतं, पण दारूच्या व्यसनावरचा उपचार बहुतेक पॉलिसींमध्ये वगळलेला असतो. तेव्हा विमा कंपनीकडून आधीच लेखी उत्तर घ्या. कंपनीत ईएसआय (कामगार राज्य विमा योजना) लागू असेल तर ते रुग्णालयही बघा.

पहिल्या भेटीला जाताना एका कागदावर लिहून न्या: रोज किती आणि कुठली दारू, दिवसातला पहिला घोट किती वाजता, शेवटचा कधी घेतला, अल्प्राझोलाम किती मिलिग्रॅमची आणि दिवसाला किती, आधी कधी फिट किंवा भ्रम, धडधड पहिल्यांदा कोणत्या साली झाली. भावासमोर लिहा, त्याला दुरुस्त करू द्या. तो कमीच सांगेल, तरी वाद घालू नका, शेजारी तुमचा अंदाज लिहा. जुने ईसीजी आणि गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स पिशवीत टाका. आणि त्या सकाळी ‘डॉक्टरकडे जायचंय, आज अजिबात घेऊ नकोस’ असं म्हणू नका. थरथरत रांगेत उभा राहिला तर नंबर लागायच्या आधीच निघून जाईल. नेहमीएवढी घेतली असली तरी चालेल, डॉक्टरांना खरं सांगा. गाडी मात्र तुम्ही चालवा.